'डेटा मस्ट फॉल': दक्षिण आफ्रिकेतल्या ग्राहकांनी मोबाइल कंपन्यांना कसं नमवलं?

मोबाइल डेटा महाग आहे आणि विकत घेतलेला डेटा मुदत संपली की वाया जातो, ही दक्षिण आफ्रिकेतल्या ग्राहकांची जुनी तक्रार. सप्टेंबर २०१६ मध्ये तिला 'डेटा मस्ट फॉल', म्हणजे 'डेटाचे दर कमी झालेच पाहिजेत', हा हॅशटॅग मिळाला. रेडिओ निवेदक टीबो टच यांनी पुढे आणलेली ही मोहीम सोशल मीडियावर गाजली आणि त्याच महिन्यात संसदेच्या समितीपर्यंत पोहोचली.

नेमका अन्याय काय होता?

एकदम मोठा पॅक परवडत नाही, असे लोक छोटे पॅक घेतात. पण छोट्या पॅकमध्ये प्रत्येक एमबीचा दर जास्त पडायचा. म्हणजे ज्याचा खिसा लहान, त्यालाच सेवा महाग. शिवाय पॅक संपल्याचं लक्षात आलं नाही, तर त्यापुढच्या वापरासाठी चढ्या दराने पैसे कापले जायचे.

पुढे काय झालं?

देशाच्या स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१७ मध्ये डेटाच्या दरांची चौकशी सुरू केली.

दूरसंचार नियामक 'आयकासा'ने आणलेले नवे नियम २०१९ मध्ये लागू झाले. पॅक ५०, ८० आणि १०० टक्के वापरला गेला की ग्राहकाला तसं कळवणं कंपन्यांना बंधनकारक झालं. उरलेला डेटा पुढे नेण्याची आणि त्याच नेटवर्कवरच्या दुसऱ्या ग्राहकाला देण्याची सोय करावी लागली. पॅक संपल्यावर ग्राहकाच्या संमतीशिवाय जादा दर लावायलाही बंदी आली.

डिसेंबर २०१९ मध्ये स्पर्धा आयोगाने अंतिम अहवालात व्होडाकॉम आणि एमटीएन या दोन मोठ्या कंपन्यांना दर बरेच कमी करायला सांगितलं. एप्रिल २०२० पासून व्होडाकॉमचा ३० दिवसांचा एक जीबीचा पॅक १४९ रँडवरून ९९ रँडवर आला.

मग हे सगळं हॅशटॅगमुळे झालं का?

फक्त त्यामुळे नाही. हॅशटॅगने विखुरलेल्या तक्रारी एकत्र आणल्या आणि दबाव वाढवला. दर मात्र खाली आले ते चौकशी, नियम आणि आयोगाच्या अहवालामुळे, आणि त्याला साडेतीन वर्षं लागली. एखाद्या ग्राहकाची स्वतःची तक्रार असेल, तर आजही आधी कंपनीकडे दाद मागावी लागते. तिथे प्रश्न सुटला नाही, तर 'आयकासा'कडे जाता येतं.