आधीच ठाऊक असलेल्या आकड्यांची गोष्ट

पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी! आपल्या आजोबा-पणजोबांनी हे पाढे घोकले, कारण बाजारात उभ्या उभ्या हिशेब करताना उत्तर तयार लागे. भारतात 1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी आली, पुढे मेट्रिक मापे आली आणि या पाढ्यांचे काम संपत गेले. इथे ऑस्ट्रेलियातही 14 फेब्रुवारी 1966 रोजी पौंड, शिलिंग, पेन्स जाऊन डॉलर आला आणि जुन्या चलनाची तयार कोष्टके निरुपयोगी झाली.

संगणकालाही असे पाढे लागतात. एकाच नावाखाली क्रमांक घातलेल्या कप्प्यांची जी रांग असते, तिला आम्ही प्रोग्रॅमर मंडळी ‘अ‍ॅरे’ म्हणतो. काही कप्प्यांत गणिताने निघालेले आकडे पडतात. काहींत मात्र आधीच ठाऊक असलेले आकडे भरून ठेवावे लागतात: महिन्यांचे दिवस, टपालाचे दर, कराचे टप्पे. हे आकडे नेमके कुठे ठेवायचे, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. या लेखात त्याचाच इतिहास सांगायचा आहे, आणि त्यातला काही भाग आपल्या दाराशी घडलेला आहे.

ऑस्ट्रेलियाचा पहिला संगणक सिडनीत ट्रेव्हर पियर्सी आणि मॅस्टन बिअर्ड यांनी बांधला. त्याने पहिला प्रोग्रॅम चालवला तो नोव्हेंबर 1949 मध्ये. 1955 मध्ये तो मेलबर्न विद्यापीठाकडे आला, ‘सिसिरॅक’ या नावाने 14 जून 1956 पासून रीतसर कामाला लागला आणि 24 नोव्हेंबर 1964 रोजी बंद झाला. आज तो मेलबर्नच्या संग्रहालयाने जपून ठेवला आहे. आज्ञा असो वा आकडा, दोन्ही या यंत्रात कागदी पट्टीवरच्या भोकांतूनच जात. जेफ हिल यांनी 1960 मध्ये या यंत्रासाठी ‘इंटरप्रोग्रॅम’ नावाची भाषा लिहिली. यंत्राची सांकेतिक लिपी न येणाऱ्या शास्त्रज्ञालाही ती साध्या इंग्रजी शब्दांत वापरता येई. तिचे वळण पुढच्या बेसिक भाषेसारखे आहे, आणि बेसिक जन्मायला तेव्हा चार वर्षे अवकाश होता!

अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ यांची बेसिक 1 मे 1964 रोजी पहाटे पहिल्यांदा चालली. मोजक्या आज्ञांची ही भाषा. त्यांतल्या दोन आज्ञा आपल्या विषयाच्या: ‘डेटा’ आणि ‘रीड’. ‘डेटा’ लिहून पुढे स्वल्पविराम देत आकडे मांडायचे. अशा ओळी प्रोग्रॅममध्ये कुठेही असोत, संगणक त्या सगळ्या क्रमाने जोडून एकच लांब यादी करी. प्रत्येक ‘रीड’ त्या यादीतला पुढचा आकडा उचले. फेऱ्या मारत रीड केले की अ‍ॅरे भरला. यादी संपल्यावर पुन्हा आरंभी जाण्यासाठी ‘रिस्टोर’ ही आज्ञा थोड्याच काळात आली. ‘मॅट’ नावाच्या आज्ञाही आल्या. त्यांनी एका ओळीत सबंध अ‍ॅरे शून्यांनी किंवा एकांनी भरता येई, किंवा डेटाच्या यादीतून वाचून घेता येई.

या व्यवस्थेत कृती आणि माहिती वेगळ्या राहत. टपालाचे दर बदलले तर डेटाची ओळ बदलायची, हिशेबाच्या रीतीला हात लावायचा नाही. शिवाय आकडे डोळ्यांसमोर असत.

ऑस्ट्रेलियात ही पद्धत घराघरांत पोचली ती ‘मायक्रोबी’मुळे. न्यू साउथ वेल्समधल्या अप्लाइड टेक्नॉलॉजी या कंपनीने 1982 मध्ये हा संगणक आणला. आधी तो सुट्या भागांचा संच म्हणून मिळे, पुढे शाळांतही बराच पसरला. त्याची एक सोय आपल्याला भावावी अशी होती. 128 अक्षरे आपल्याला हवी तशी घडवता येत. प्रत्येक अक्षर आठ ठिपके रुंद आणि सोळा ओळी उंच, म्हणजे अक्षरामागे सोळा आकडे. ते 63488 या पत्त्यापासून पुढे स्मृतीत भरायचे.

समजा, आपल्याला काना काढायचा आहे. वरची ओळ शिरोरेषेची, म्हणजे आठही ठिपके उजळलेले: 128, 64, 32, 16, 8, 4, 2 आणि 1 यांची बेरीज 255. खालच्या पंधरा ओळींत उजवीकडचे दोनच ठिपके: 2 आणि 1 मिळून 3. म्हणून डेटाच्या ओळीत एक 255 आणि पंधरा वेळा 3. झाला काना! देवनागरी येत नसलेले यंत्र सोळा आकड्यांत मराठीची एक खूण शिकले.

आता त्या 255 चे चुकून 225 झाले तर? शिरोरेषेत तीन ठिपके, मग चारांची फट, मग एक ठिपका. संगणक चकार शब्द काढत नाही, कारण त्याच्या लेखी 225 हाही आकडाच. एखादा आकडा गाळला तर पुढचे सगळे एकेक घर सरकतात. शेवटी यादी अपुरी पडल्याची तक्रार येते, पण ती रीडच्या ओळीवर, चुकलेल्या डेटाच्या ओळीवर नव्हे. यावर उपाय म्हणून सगळ्या आकड्यांची बेरीज ताडून पाहत. 225 ची चूक त्यात सापडे, बेरीज 30 ने कमी भरते ना! पण दोन आकड्यांची अदलाबदल झाली तर बेरीज तीच. तिथे दुसऱ्या माणसाने मोठ्याने वाचून तपासणे हाच इलाज, अगदी शाळेत पाढे म्हणून घेत तसा.

1991 मध्ये व्हिज्युअल बेसिक आले आणि त्यात डेटा-रीड उरले नाही. खिडक्या आणि बटणांच्या प्रोग्रॅममध्ये कुठला भाग आधी चालेल ते वापरणारा ठरवतो. तिथे ‘यादीतला पुढचा आकडा’ याला फारसा अर्थ राहत नाही. मग लोक प्रत्येक कप्प्यात वेगळ्या ओळीने आकडा घालू लागले. पुढे 2002 च्या व्हीबी डॉट नेटमध्ये महिरपी कंसात सगळे आकडे एकत्र लिहायची सोय आली. मधल्या काळात पुष्कळ ठिकाणी आकडे आणि कृती यांची खिचडी होऊन बसली.

खिचडीने काय होते, ते या देशाच्या घड्याळांनी दाखवले. न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियात उन्हाळी वेळ तेव्हा ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सुरू होई. सिडनी ऑलिंपिकसाठी 2000 साली ती 27 ऑगस्टलाच सुरू झाली. मेलबर्नच्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी 2006 साली ती मार्चअखेरऐवजी 2 एप्रिलला संपली. 2008 पासून एप्रिल आणि ऑक्टोबरचे पहिले रविवार ठरले. क्वीन्सलँड यात नाहीच. सरकारचा निर्णय कुठल्याही सूत्राने काढता येत नाही, तो फक्त ठाऊक असावा लागतो. ज्या प्रोग्रॅमच्या पोटात जुना नियम कोरलेला होता, त्यांना तो पोट फाडून बदलावा लागला.

याउलट आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी सुरू केलेली जगभरच्या घड्याळांची सारणी साध्या अक्षरांत, प्रोग्रॅमपासून वेगळी ठेवलेली आहे. कुठला नियम कुठून कळला, याच्या नोंदीही तिथेच आहेत. आज असंख्य संगणक आणि फोन तीच वापरतात. डेटाच्या ओळीमागचा तोच विचार!

आपल्या भिंतीवरचे पंचांग ही अशीच एक सारणी आहे. महाराष्ट्रातल्या सूर्योदयावर मांडलेली तिथी सिडनीत, साडेचार किंवा साडेपाच तास आधी उजाडणाऱ्या दिवशी, कधी कधी वेगळ्या वाराला पडते. आकडा खोटा नसतो, तो दुसऱ्या गावचा असतो. आपली मुले आज पायथन शिकतात, चौकोनी कंसात आकडे भरतात. त्यांना एवढेच सांगावे: आकडे एका जागी, दिसतील असे ठेवा, आणि शेजारी लिहा ते कुठले, कधीचे आणि कोणी तपासले. बेसिकमध्ये त्यासाठी ‘रेम’ नावाची ओळ असे. संगणक ती वाचत नसे. ती पुढे येणाऱ्या माणसासाठी होती.