टाकळघाटचा कोळसा आणि आकाशातले किरण

नागपूरजवळच्या टाकळघाटच्या उत्खननातल्या कोळशाच्या कालमापनापुढे ‘टीएफ’ ही दोन अक्षरं असतात. ती मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची, म्हणजे होमी भाभांच्या वैश्विक किरणांच्या घराची. तिकडच्या महापाषाणीय दफनांची शिळावर्तुळं या मंडळींच्या हाती कशी लागली, याचा माग काढताना माझं मत पक्कं झालं: कार्बन कालमापन रसायनशास्त्राच्या नावावर असलं, तरी त्याचं कूळ वैश्विक किरणांचं आहे.

किरण हवेवर आदळले की न्यूट्रॉन सुटतात. नायट्रोजनचा अणू त्यातला एक गिळतो, प्रोटॉन टाकतो आणि कार्बन-14 होतो. झाडाला तो मिळतो, झाड मेलं की साठा घटू लागतो. या घटीवरून वय काढण्याच्या पद्धतीबद्दल विलार्ड लिबींना 1960चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

खरी कसोटी मोजणीची होती. नमुन्याचा आवाज अगदी क्षीण, आणि मोजयंत्रात बाहेरूनच मिनिटाला सुमारे 500 ठोके पडत. आठ इंच लोखंडाने ते 100वर आले. उरलेले बहुतेक म्यूऑनचे, म्हणजे वैश्विक किरणांतूनच जन्मलेल्या कणांचे. ते लोखंडालाही जुमानत नाहीत. मग लिबींनी नमुना असलेल्या मधल्या नळीभोवती गायगर नळ्यांचं कडं केलं. कडं आणि मधली नळी एकदम वाजली की तो ठोका बाद. उरले पाचेक. दोन नळ्या एकदम वाजण्याचा अर्थ बोथे आणि कोलहोर्स्टर यांनी 1929मध्ये वैश्विक किरणांवरच लावला होता. लिबींनी तीच युक्ती उलटी फिरवली. किरणांनी घडवलेला कार्बन मोजायला किरणांनाच दाराबाहेर ठेवावं लागलं!

तेव्हा आपल्याकडे कार्बन कालमापनाची प्रयोगशाळा टाटा संस्थेत उभी राहावी, हे ओघानेच आलं. देवेंद्र लाल आणि त्यांचे सहकारी तिथे पावसाच्या पाण्यात किरणांनी घडवलेलं बेरिलियम-7 शोधत होते.

नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देवांनी 1968-69मध्ये टाकळघाट-खापा खणलं. कोळशाने इ.स.पू. सहावं-सातवं शतक सांगितलं. त्याआधी पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी ब्रह्मगिरीच्या उत्खननावरून महापाषाणीय काळ इ.स.पू. 200च्या सुमारास सुरू केला होता.

म्हणजे कोळशाने तो काळ मागे नेला. यावर आक्षेप असा, की हवेतल्या कार्बन-14चं प्रमाण बदलत गेल्यामुळे इ.स.पू. 800 ते 400मधले नमुने जवळपास एकाच वयाचे दिसतात. शतक नेमकं सांगता येत नाही, हे खरं. पण ही चारही शतकं व्हीलरने दिलेल्या काळाच्या आधीची आहेत. दुसरा आक्षेप जास्त बोचतो: कोळसा टाकळघाटच्या वस्तीतला, वर्तुळं खाप्याची. मधला दुवा दोन्हीकडच्या काळ्या-तांबड्या मडक्यांचा. मला तो पुरेसा वाटतो. टाकळघाटचे लोकच आपले मृत खाप्याला पुरत असणार.