अपेक्षाभंगाचा उलटा प्रवास : ‘सेव्हन सामुराई’ आणि काळाचौकीचा प्रेक्षक

अभिजात कृतींना लाभलेल्या गौरवाची नोंद इतिहासात तपशिलाने होते; त्यांनी केलेल्या निराशेची सहसा होत नाही. अकिरा कुरोसावा यांचा ‘सेव्हन सामुराई’ (१९५४) पाहून काळाचौकी-लालबागच्या प्रेक्षकाने ‘यात नवे काय?’ असे विचारले, तर त्याला अरसिक ठरवून मोकळे होणे सोपे आहे. परंतु या प्रश्नालाही इतिहास आहे.

व्हेनिस महोत्सवात रौप्यसिंह मिळविणाऱ्या या चित्रपटावरून हॉलिवूडने १९६० मध्ये ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ काढला. भाडोत्री वीरांनी दरोडेखोरांपासून गाव राखायचे, हे सूत्र पुढे १५ ऑगस्ट १९७५ रोजी ‘शोले’च्या रूपाने मुंबईत आले आणि मिनर्व्हा चित्रगृहात पाच वर्षे राहिले. ‘शोले’वर वाढलेला गिरणगावचा प्रेक्षक कुरोसावांकडे या वाटेने, म्हणजे उलट दिशेने पोहोचला. मूळ कृती त्याच्यासमोर अनुकरणाच्या वेषात उभी राहिली. हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या विचारानुसार कृतीचे मोल तिच्यात आणि वाचकाच्या अपेक्षांच्या क्षितिजात पडणाऱ्या अंतरावरून कळते. अभिजात कृतीतील धक्के कालांतराने सवयीचे होतात, हेही याउस जाणून होते. येथे मात्र सवय झाली आहे ती कृतीची नव्हे, तिच्या वंशजांची.

तक्रारीचा तपशील पाहावा. साडेतीन तासांच्या या चित्रपटात गब्बर नाही. दरोडेखोरांच्या म्होरक्याला लक्षात राहील असा चेहरासुद्धा नाही. मारले जाणारे चारही सामुराई गोळीने पडतात, तलवारीने नव्हे. शौर्याची अपेक्षा ठेवून आलेल्याला हा अपेक्षाभंगच वाटणार. वास्तविक सोळाव्या शतकात जपानमध्ये आलेल्या बंदुकीपुढे ज्यांची तलवार हतबल ठरते, त्यांचीच ही कथा होय.

याहून महत्त्वाचा फरक भाताचा आहे. ‘शोले’मध्ये ठाकूर पैसे देऊन माणसे आणतो, कारण सूड त्याचा आहे, रामगढचे शेतकरी पार्श्वभूमीला राहतात. कुरोसावांच्या चित्रपटात माणसे शोधायला शेतकरी स्वतः निघतात. मोबदला एवढाच, की सामुराईंना तांदूळ मिळेल आणि शेतकरी भरडधान्यावर राहतील. कोकणातून गिरणीत आलेल्या माणसाला हा हिशेब परका असण्याचे कारण नाही. तो चटकन ओळखीचा वाटला नाही, तर दोष कुरोसावांचा कमी आणि मधल्या रूपांतरांचा अधिक. त्याच्याच जातकुळीची माणसे त्यांनी कथेतून बाजूला सारली होती.

जपानमधील काही डाव्या समीक्षकांचीही निराशा झाली होती. पण शेतकरी भेकड आणि लबाड दाखविले, ही त्यांची हरकत. शिवाय जपानची स्वसंरक्षण दले १९५४ मध्येच स्थापन झाल्याने काहींना चित्रपटात शस्त्रसज्जतेचे समर्थन दिसले. (शेतकऱ्यांना लबाड बनविले कोणी, हा किकुचियोने सामुराईंनाच केलेला सवाल त्यांनी पुरेसा ऐकलेला दिसत नाही.)

शेवटी चार थडगी मागे उभी असतात आणि पुढे ढोलाच्या ठेक्यावर भाताची लावणी चालू असते. जिंकले ते शेतकरी, असे वाचलेला म्होरक्या म्हणतो. ‘शोले’च्या मापाने हा शेवट फिकाच. पण १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, अनेक कामगार गावी परतले, आणि कित्येकांच्या गिरण्या पुन्हा उघडल्याच नाहीत. त्यांच्यापैकी एखाद्याने हाच शेवट त्यानंतर पाहिला असेल, तर त्यालाही तो फिकाच वाटला असेल असे धरून चालता येत नाही.