मेक्सिकन ताट : सीमाभागातील ग्राहकाची पारख

पुणे-बंगळूर राष्ट्रीय महामार्गावरील कोगनोळी हे निपाणी तालुक्यातील, महाराष्ट्राच्या सीमेलगतचे गाव. याच महामार्गावरील बंगळूर शहरात २०१० साली ‘टॅको बेल’ या अमेरिकी साखळीने भारतातील आपले पहिले उपाहारगृह उघडले.

भाकरी-ठेच्यावर वाढलेल्या ग्राहकाला मेक्सिकन ताट प्रथमदर्शनी परके वाटते. तथापि त्यातील मका, मिरची व टोमॅटो आपल्याकडेही रुळलेले आहेत. ही पिके मूळची अमेरिका खंडातील. मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगिजांमार्फत भारतात आली. निपाणीची ओळख ठरलेला तंबाखूही त्याच खंडातील.

खरा फरक पिठात आहे. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजत ठेवून, धुऊन मग वाटतात. त्यामुळे साल सुटते, पीठ चिकट होते आणि मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळते. मका युरोपात गेला, ही रीत मात्र गेली नाही. परिणामी केवळ मक्यावर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा रोग पसरला.

साध्या मक्याच्या पिठाची टॉर्टिया, म्हणजे तेथील पोळी, घडी घालताच मोडते. गव्हाची टॉर्टिया उत्तर मेक्सिकोत रूढ असल्याने ती बनावट ठरत नाही. मक्याची म्हणून मैद्याची वाढणे ही मात्र फसवणूक होय. म्हणून मागणी नोंदवतानाच पीठ कोणते, हे विचारून घ्यावे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे.