पुण्याचे जुने वाडे आणि नगरपालिका

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत ज्ञातीतील कर्त्या पुरुषांची चरित्रे, कुलदैवतांची माहिती आणि गुणवंत विद्यार्थ्यांची नामावली दरवर्षी असतेच. यंदा संपादक मंडळींनी आम्हांस इतिहासपर लेख लिहावयास सांगितले आणि विषयाची निवड मात्र आमच्यावर सोपविली. तेव्हा जो विषय आपल्या घराघरांत सध्या चर्चिला जात आहे, तोच घ्यावा असे आम्ही ठरविले. सभासद कुटुंबांपैकी ज्यांचे पुण्याच्या पेठांतून वडिलोपार्जित वाडे होते, त्यांतील कित्येक वाडे गेल्या तीस-चाळीस वर्षांत पडले. जे उरले आहेत त्यांच्या माजघरांत 'वाडा ठेवावा की द्यावा' या प्रश्नावर भावाभावांत खल चालतो. या चर्चेत नगरपालिकेचे नाव निघाले नाही असे सहसा होत नाही. एक पक्ष म्हणतो, नगरपालिका जुन्या वास्तूंसाठी काही करीत नाही. दुसरा म्हणतो, ती नको तेथे आडवी येते. दोन्ही तक्रारींत थोडेबहुत तथ्य आहे. परंतु नगरपालिकेने खरोखर काय केले, हे पाहिल्यावाचून निवाडा करणे योग्य नव्हे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. पुण्यातील प्रत्येक जुनी वास्तू नगरपालिकेच्या ताब्यात नाही. शनिवारवाडा हा केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे. १७३० साली पाया घातलेला आणि १७३२ साली वास्तुशांत झालेला हा वाडा १८२८ च्या आगीत जळाला; आज आपण पाहतो तो तट, दिल्ली दरवाजा आणि जोती. त्याची डागडुजी केंद्राच्या कायद्याप्रमाणे होते. काही वास्तू राज्य सरकारच्या पुरातत्त्व विभागाकडे आहेत. या दोहोंच्या यादीत न बसणाऱ्या वास्तू शेकड्यांनी आहेत. त्यांचा वाली कोणी असेल तर तो म्हणजे मालक, नाहीतर नगरपालिका.

नगरपालिकेने राखलेल्या वास्तूंत विश्रामबागवाड्यास आम्ही पहिले स्थान देतो. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सुमारे दोन लाख रुपये खर्चून हा वाडा बांधविला. रस्त्यावरून दिसणारा त्याचा सज्जा, सुरूच्या आकाराचे सागवानी खांब आणि त्यांवरील कोरीव काम ज्यांनी एकवार मान वर करून पाहिले असेल, त्यांस अधिक वर्णनाची गरज नाही. पेशवाई बुडाल्यानंतर असा वाडा पडीक व्हावयाचा. पण तसे झाले नाही. १८२१ साली इंग्रज सरकारने या वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू केली. पेशव्यांच्या काळी श्रावणात विद्वान ब्राह्मणांस जी दक्षिणा वाटली जाई, तिच्याच रकमेतून या पाठशाळेचा खर्च भागविला गेला. हीच पाठशाळा पुढे वाढत जाऊन डेक्कन कॉलेज झाली. ज्या दिवाणखान्यात पेशवा बसला, तेथे विद्यार्थी घोकंपट्टी करू लागले. वाडा जगला तो यामुळे, असे आमचे मत आहे. रोज झाडलोट होते, कोणी कवाडे उघडतो, कौल सरकले तर त्याच्याच डोक्यावर थेंब पडतो म्हणून तो ओरड करतो. अशी वास्तू सहसा कोसळत नाही.

मे १८७९ मध्ये मात्र या वाड्यावर घाला आला. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाची धामधूम चालू असताना एका रात्री बुधवारवाडा व विश्रामबागवाडा या दोन्ही वाड्यांस आग लावण्यात आली. बुधवारवाडा समूळ गेला. विश्रामबागवाड्याचा पूर्वेकडील भाग जळाला. सरकार इतके बिथरले की न्यायमूर्ती रानड्यांसारख्या माणसाचाही संशय धरून त्यांची धुळ्यास बदली करण्यात आली. त्यानंतर जे घडले ते आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. जळालेला भाग पुन्हा उभारण्यासाठी नागरिकांनी वर्गणी दिली आणि नगरपालिकेनेही आपल्या तिजोरीतून भर घातली. 'वारसा जतन' हा शब्दही ज्या काळी कोणास ठाऊक नव्हता, त्या काळी पुणेकरांनी पदरमोड करून पेशव्याचा वाडा दुरुस्त केला. सगळा पैसा सरकारने द्यावा म्हणून ते वाट पाहत बसले नाहीत. विसाव्या शतकात कित्येक वर्षे नगरपालिकेची आणि १९५० नंतर महानगरपालिकेची कचेरी याच वाड्यात होती. जन्म-मृत्यूची नोंद करावयास किंवा घरपट्टी भरावयास आपले वडील-आजोबा ज्या जिन्याने चढले, तो पेशव्यांचा जिना होता, हे त्यांच्या फारसे ध्यानातही नसेल. कचेरी हलल्यानंतरही वाडा महानगरपालिकेने सोडला नाही. पोस्ट, ग्रंथालय, लहानसहान कचेऱ्या अशा उपयोगात तो राहिला आणि पुढे तेथे पुण्याच्या वाढीचा इतिहास सांगणारे प्रदर्शनही मांडण्यात आले. नाना फडणविसांनी बांधलेला नानावाडाही शाळा आणि कचेऱ्या यांच्या वापरामुळेच उभा राहिला.

मंडईची कथा थोडी निराळी आणि, सत्य सांगावयाचे तर, थोडी गमतीची आहे. पूर्वी भाजीबाजार शनिवारवाड्यापुढील उघड्या पटांगणात भरत असे. नगरपालिकेने मोठा खर्च करून दगडी मंडई बांधावयाचे ठरविले, तेव्हा महात्मा जोतीराव फुले नगरपालिकेचे सभासद होते आणि त्यांनी या खर्चास विरोध केला. एवढा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लावावा, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचे ऐकले गेले नाही. १८८६ साली मंडई उघडली आणि तीस गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव देण्यात आले. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना रे मार्केटचे 'महात्मा फुले मंडई' असे नामांतर झाले. ज्या वास्तूस जोतीरावांनी विरोध केला तीस त्यांचेच नाव लाभले! नाव योग्यच आहे, पण त्यामागील वाद विसरला जाऊ नये, म्हणून हे लिहिले. मधला अष्टकोनी मनोरा आणि त्याभोवती पसरलेल्या भुजा अशी ही वास्तू सव्वाशेहून अधिक वर्षे आपले मूळ कामच करीत आहे. २०२४ साली तिच्याजवळ भुयारी मेट्रोचे स्थानक झाले, तरी गाळ्यांवरील भाजीवाल्यांचा गलबला तोच आहे.

नगरपालिकेच्या स्वतःच्या मालकीच्या वास्तूंची ही स्थिती झाली. खाजगी वाड्यांचा प्रश्न याहून अवघड आहे. आपल्या इकडील वाडा म्हणजे घडीव दगडाचे जोते, त्यावर सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा, मधून विटा व पांढरी माती आणि वर कौले. सांगाडा कोरडा असेल तोवर तो दोनशे वर्षे टिकतो. परंतु दर उन्हाळ्यात कौले शाकारली पाहिजेत. एक पावसाळा हयगय झाली की पाणी तुळईच्या टोकाशी, भिंतीत जेथे ती बसविलेली असते तेथे, मुरते. बाहेरून काही दिसत नाही. आत लाकूड कुजत जाते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा नदीकाठच्या पेठांतील मातीच्या भिंती पाण्यात अक्षरशः विरघळल्या. ती मोठी आपत्ती होती, सर्वांस दिसली. शाकारणीवाचून झालेला नाश त्याहून कमी नसावा, पण तो गुपचूप झाला.

शाकारणी का थांबली? १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या दरास बांधली गेली. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूंस त्याचा आधार झाला, हे नाकारता येणार नाही. पण खोलीमागे पाच-दहा रुपये भाडे घेणारा मालक सुतार-गवंड्यास काय देणार? भाडेकरू म्हणे, दुरुस्ती मालकाची. मालक म्हणे, भाड्यात दुरुस्ती कोठली. त्यातच वाटण्या होऊन एका वाड्यास वीस-पंचवीस वारस झाले. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात जिन्याची एक पायरी बदलण्यासाठी सात जणांची संमती गोळा करावी लागली आणि ती मिळेपर्यंत दुसरी पायरीही गेली.

अशा स्थितीत नगरपालिकेच्या हाती काय आले, तर यादी. या बाबतीत मुंबईने वाट दाखविली. २१ एप्रिल १९९५ रोजी मुंबईसाठी वारसा वास्तूंची नियमावली लागू झाली. तिने वास्तूंच्या तीन श्रेणी केल्या आणि पाडापाडी अथवा फेरबदल करण्यापूर्वी तज्ज्ञ समितीचे मत घेणे आवश्यक ठरविले. पुण्यानेही पुढे अशी यादी केली आणि वारशाच्या कामासाठी वेगळा कक्ष ठेवला. परंतु श्रेणी देऊन छप्पर गळावयाचे थांबत नाही. मालकास न वापरता आलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकता यावा, अशी तरतूद मुंबईच्या नियमांत आहे आणि ती आम्हांस न्याय्य वाटते. कारण समाजासाठी ज्याने आपले घर न पाडता ठेवावयाचे, त्याचे नुकसान समाजाने काही अंशी तरी सोसले पाहिजे. मुंबई महानगरपालिकेने एक कामही नमुनेदार केले. भायखळ्याचे १८७२ सालचे वस्तुसंग्रहालय, ज्यास १९७५ साली डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले, ते जीर्ण झाले होते. महानगरपालिकेने एक जतनसंस्था आणि एक धर्मादाय प्रतिष्ठान यांस सोबत घेऊन त्याचा जीर्णोद्धार केला. त्या कामास २००५ साली युनेस्कोचे पारितोषिक मिळाले आणि २००८ साली संग्रहालय लोकांस पुन्हा खुले झाले. केवळ कमीत कमी दराची निविदा पाहून काम दिले असते, तर हे घडले नसते. जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढविणारा ठेकेदार स्वस्त पडतो खरा, पण त्या गिलाव्याखाली ओल कोंडते आणि भिंत आतून सडते. निविदेच्या कागदावर हे कोठेच लिहिलेले नसते.

शेवटी भिडेवाड्याविषयी. ज्यांनी जन्म शाळेत घालविला त्यांस या वाड्यावर लिहिल्यावाचून राहवत नाही. बुधवार पेठेतील या वाड्यात १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. आज आपल्या मंडळाच्या गुणवंतांच्या यादीत मुलांपेक्षा मुलींची नावे अधिक असतात, त्या नावांची मुळे त्या खोल्यांत आहेत. मालकी खाजगी होती, खाली दुकाने होती, वरचे मजले ढासळत होते. २००६ साली महानगरपालिकेने तेथे राष्ट्रीय स्मारक करण्याचा ठराव केला. जागा ताब्यात घेण्याचे प्रकरण न्यायालयात गेले. भाडेकरूंचा पोटापाण्याचा प्रश्न होता आणि त्यांनी दाद मागितली यात आम्हांस काही गैर वाटत नाही. तारखांमागून तारखा पडल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाचा आणि नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय महानगरपालिकेच्या बाजूने झाला. ठरावापासून निकालापर्यंत सतरा पावसाळे गेले होते आणि तोवर वाडा राखण्याच्या स्थितीत उरला नव्हता. डिसेंबर २०२३ च्या आरंभी, एका रात्रीत, पोलीस बंदोबस्तात महानगरपालिकेने तो उतरविला. सकाळी दगडूशेठ गणपतीच्या दर्शनास आलेल्या लोकांनी समोर पाहिले, तेव्हा स्मारकासाठी जागा मोकळी झाली होती. पण ज्या भिंतींनी त्या पहिल्या मुलींचे पाढे ऐकले, त्या मातीच्या ढिगात जमा झाल्या होत्या.