परमुलखातला मजूर आणि त्याला येणारी हाक

पोटासाठी मुलूख सोडून गेलेल्या माणसाला आपल्या बाजूस ओढण्याचा उद्योग आजकालचा नाही. हिंसक संघटना मोबाइलवरून परदेशातील कामगारापर्यंत पोहोचतात, हे साधन नवे. पण ज्या वाटेने त्यांची हाक त्याच्या मनात शिरते, ती वाट जुनी आहे. म्हणून आरंभ थोडा मागून करू.

विसाव्या शतकाच्या आरंभी पंजाबातील हजारो माणसे कॅनडा व अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर लाकडाच्या गिरण्यांत आणि शेतांत राबत होती. सप्टेंबर १९०७ मध्ये बेलिंगहॅम गावी गोऱ्या जमावाने त्यांना मारहाण करून हाकलून लावले. आपले म्हणून पाठीशी उभे राहणारे सरकार त्यांना नव्हते. १९१३ मध्ये याच मजुरांतून गदर पक्ष उभा राहिला. १ नोव्हेंबर १९१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून ‘गदर’ पत्र उर्दूत निघाले, पाठोपाठ गुरुमुखीतही निघू लागले. मजुराचा अपमान त्याच्याच भाषेत बोलणारे ते पत्र होते. महाराष्ट्राचे पांडुरंग खानखोजे या चळवळीत होते. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे मार्च १९१५ मध्ये मीरतच्या छावणीत पकडले गेले आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरास फासावर चढले. इंग्रजांनी परतणाऱ्यांना अडविणारा वटहुकूम काढला, खटले भरले, उठाव मोडला. अपमानाचे कारण मात्र जागच्या जागी राहिले.

गदरवीरांची आजच्या संघटनांशी तुलना कोणी करू नये. ते परक्या सत्तेशी लढले. या संघटना धर्माच्या नावाने निरपराधांचे प्राण घेतात. आम्ही दाखवितो ते एवढेच, की एकटेपणा आणि अपमान हे दार दोन्ही काळी उघडे होते. त्या दारातून कोण आत येईल, हे आपण तेथे आधी पोहोचतो की नाही यावर ठरते.

सिंगापुरात २०१५ च्या अखेरीस बांधकामावरील २७ बांगलादेशी मजूर पकडले गेले. बंद दाराआडच्या बैठकांत ते हिंसेचा पुरस्कार करणारे साहित्य वाचीत व वाटीत. २६ जणांना मायदेशी धाडण्यात आले. आपल्या कल्याणचे चार तरुण मे २०१४ मध्ये यात्रेकरूंबरोबर इराकला गेले आणि तेथून इस्लामिक स्टेटकडे वळले. ते मजूर नव्हते, शिकलेले होते. त्यांच्यापर्यंतही ही हाक इंटरनेटवरूनच आली होती. एक जण नोव्हेंबर २०१४ मध्ये परतला. पुढे महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने वाट चुकू पाहणाऱ्या तरुणांना आईबाप आणि मौलवी यांच्या मदतीने परत वळविण्याचे काम हाती घेतले. सिंगापुरात तर २००३ पासून धर्मपंडित स्वयंसेवक म्हणून बंदिवानांशी बोलत आले आहेत. केवळ बेडी पुरत नाही, हा धडा दोन्हीकडे घेतला गेला.

आखाती देशांत लाखो भारतीय राबतात. अशा हाकेला भुललेले मोजकेच. तेव्हा एखाद्या समाजाकडे संशयाने पाहणे हा उपाय नव्हे. त्याने भरती करणाराचेच काम सोपे होते. खरा बंदोबस्त आधीच सुरू होतो. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने परदेशी नोकरीसाठी माणसे नेणाऱ्या दलालाला नोंदणी सक्तीची केली. नोंदलेला दलाल, हाती कराराची प्रत, स्वतःजवळ पासपोर्ट, वेळेवर पगार आणि अडचणीत वकिलातीचा पत्ता ठाऊक असलेला माणूस सहजी कोणाच्या जाळ्यात सापडत नाही.

सोनईकरांना हे दूरचे वाटू नये. मुळा कारखान्याच्या हंगामात परगावाहून ऊसतोडीला माणसे येतात. ज्याची गावात मुकादमाखेरीज कोणाशी ओळख नाही, तो मुकादमाच्याच शब्दावर चालतो. परदेशातल्या मजुराचेही तसेच आहे. त्याला ओळखीची माणसे अनेक असावीत: घरचे, सोबतचे, आपल्या भाषेत बोलणारे. मुलाच्या फोनवरील बोलणे एकाएकी बदलले, तर त्याला झिडकारू नये आणि लाजेने लपवूही नये. बोलत राहावे, जाणत्याला गाठावे. पैसे पोहोचले का, एवढेच विचारून जे घर फोन ठेवते, ते आपल्या माणसाला दुसऱ्या कोणाच्या तरी हवाली करीत असते.