एका वर्षातील दोन मुद्रा

इ. स. १६५०. रोममध्ये ज्युबिली वर्ष साजरे होत होते. त्याच वर्षी स्पॅनिश चित्रकार व्हेलास्केस याने तेथे दोन व्यक्तिचित्रे रंगविली. एक पोप दहावे इनोसंट यांचे : करडी, साशंक नजर. दुसरे त्याच्याच गुलामाचे, हुआन दे पारेहाचे : ताठ मान, शांत, स्वाभिमानी मुद्रा. कुंचल्याने सिंहासनाची भीड धरली नाही, दास्याची अवहेलनाही केली नाही. मुक्तिपत्र मात्र नोव्हेंबरात झाले, तेही चार वर्षांनी अमलात येणारे! पुढे पारेहा स्वतः चित्रकार झाला. १६६१ च्या ‘संत मत्तयाला पाचारण’ या चित्रात त्याने स्वतःलाही उभे केले.

व्यक्तिचित्रात देवाची प्रतिमा ओळखावीच. ओळखल्यावर त्या माणसाला आपण कसे वागविले, हेही मनाला विचारावे.